काजळात छापलेलं मंगलाष्टक

“मामा, तू हे उन्हात ठेवलं होतंस?”

“उन्हात कशाला ठेवीन? स्कूटरवर होतं.”

“आणि स्कूटर कुठे होती?”

“स्कूटर… बाहेर.”

भुसावळला मे महिन्यात ‘बाहेर’ म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पापड घालून पाठ फिरवली की वाळलेले असतात. दिगूमामानं माझ्या मांडीवर ठेवलेलं ते यंत्र तव्यासारखं तापलं होतं, आणि त्याचा इवलासा पडदा, ज्यावर एरवी चार ओळी दिसायच्या, तो काळाठिक्कर पडला होता.

मी गौरीहराला बसले होते. अंगावर पिवळी अष्टपुत्री, कपाळाला मुंडावळ्या, समोर चौरंगावर पितळेची अन्नपूर्णा आणि तांदळाची रास. नवरीनं तिथे एकटीनं बसायचं, चिमूटचिमूट तांदूळ देवीला वाहायचे आणि ‘गौरी गौरी, सौभाग्य दे, दारी येईल त्याला आयुष्य दे’ असं म्हणत राहायचं. मुहूर्ताला मामा न्यायला येईपर्यंत जागचं हलायचं नाही. माझा मामा तासभर आधीच आला होता, आणि तोही मला न्यायला नाही, हा निखारा द्यायला.

“भाऊजींनी दिलंय,” तो घाम पुसत म्हणाला. “पाटीवर लिहून दाखवलं. ‘वृंदाला द्या. छापून घे म्हणावं. द्वारकेनं गायचं.’ मंगलाष्टक आहे म्हणे ह्याच्या पोटात.”

“आणि तू आत्ता आणतोयस?”

“अगं, सकाळी निघालो तो आधी हार घेतले, मग आचाऱ्याशी भांडण झालं. जिलबी बघितलीस का? नुसता गोंद आहे.”

जिलबी गेली खड्ड्यात, असं मी गौरीहरासमोर बसून म्हणाले. देवीनं ऐकलं असेल तर ऐको.

भाऊ म्हणजे माझे वडील. भुसावळ स्टेशनवर गाड्यांची घोषणा करायचे. अमुक गाडी तीन नंबरच्या फलाटावर येत आहे, एवढंच सांगायचं असायचं, पण भाऊ ते अशा आवाजात सांगत की उतारूला वाटावं, गाडी आपल्यालाच न्यायला येतेय. आणि नात्यात लग्न निघालं की मंगलाष्टक भाऊंचं. स्वतः रचायचे, स्वतः उभे राहून गायचे. मांडवात अक्षता हातात असताना ते पहिल्यांदा कानावर पडलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आधी कुणाला एक ओळ दाखवायचे नाहीत. रचताना अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. चार बोटांची पेरं बारा, म्हणजे ओळीचा पहिला तुकडा बारा अक्षरांचा. मग जरा दम घ्यायचा आणि पुढची सात. शेवटच्या ओळीत ती सात अक्षरं ठरलेलीच, ‘कुर्यात् सदा मंगलम्’. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपायचं नाही. ‘वृत्तात बसलं’ हा शेरा घरात सगळ्याला लागायचा. आमटीत मीठ बेताचं पडलं, वृत्तात बसलं. मला नाशिकच्या कारखान्यात नोकरी लागली, वृत्तात बसलं.

आदल्या वर्षी त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस हाती लागला, आवाज गेला. पहिले दोन महिने भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. पाटी दिली तर ती उशाखाली सरकवायचे.

मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. तिथे हे जपानी यंत्र कपाटात धूळ खात पडलं होतं. जाडजूड वहीएवढं, काखेत मारून कुठेही नेता येणारं, बॅटरीवर चालणारं. कळफलक, चार ओळींचा पडदा आणि उजव्या कोपऱ्यात बसच्या तिकिटाएवढ्या रुंद फितीवर छापणारा पिटुकला प्रिंटर. साहेबांच्या हातापाया पडून मी ते घरी आणलं. भाऊंसाठी एक सोपा प्रोग्रॅम लिहिला. एक दाबलं की लिहायचं, दोन दाबलं की वाचायचं, तीन दाबलं की छापायचं. देवनागरीचं नाव नव्हतं, तेव्हा भाऊ इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचे. आणि काय सांगू, माणूस परत बोलायला लागला! ‘चहा’, ‘पंखा बंद’, ‘दिगूला म्हणावं गप्प बस’, अशा फिती घरभर पडलेल्या असायच्या. इतके बोलले की प्रिंटरची रिबन पार सुकून गेली. नवी रिबन मुंबईत शोधूनही मिळाली नव्हती. शेवटच्या फिती आई खिडकीशी नेऊन, उजेडाला धरून वाचायची.

लग्नाच्या दोन दिवस आधी भाऊंना ताप भरला, छातीत कफ झाला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हलवायचं नाही. मी म्हटलं, मग लग्नच पुढे ढकलू. तेव्हा त्यांनी यंत्र जवळ ओढलं आणि एक फिकट फीत माझ्या हातात दिली.

‘मुहूर्त ढकलता येईल. मला नाही.’

कन्यादान काका-काकू करणार असं ठरलं. आई दवाखान्यातच राहिली. ज्याला हाक मारता येत नाही, त्याला एकटं ठेवता येत नाही. म्हणजे माझ्या लग्नात बापाचं असं जे काही येणार होतं, ते एवढंच, ह्या काळ्या पडलेल्या डब्यात. ते बाहेर आलं नाही तर मी बिनबापाची बोहल्यावर चढणार होते, बाप चार फर्लांगांवर जिवंत असताना.

“परत जाऊन पाटीवर लिहून आणू का?” मामानं विचारलं.

“जा, जा! लगेच जा!”

“पण नर्सनं माझ्यासमोर इंजेक्शन दिलंय गं. संध्याकाळपर्यंत जाग येणार नाही म्हणाली.”

“मग विचारतोस कशाला?” मी जवळजवळ ओरडले. “आणि याचा अ‍ॅडॅप्टर कुठाय? वायर?”

मामानं खिसे चाचपले. वायर दवाखान्यात भिंतीला लटकत राहिली होती. बॅटरीत जे काय उरलंय त्यावरच सगळं. आणि बॅटरी पूर्ण बसली की पोटातलं सगळं पुसलं जाणार, हे मामाला सांगायचं मी टाळलं. त्यानं लगेच आणखी काहीतरी केलं असतं.

तरी त्यानं केलंच. “हे लाल बटण कसलं?” म्हणून बोट पुढे आणलं.

“हात लावलास तर बघ! त्यानं सगळं कोरं होईल!”

मामा पाट ढकलून मागे सरकला. मी यंत्र खालच्या शहाबादी फरशीवर ठेवलं आणि लग्नपत्रिकेनं वारा घालायला लागले. पडदा तापला की काळा पडतो आणि थंड झाला की आपोआप उजळतो, हे मला माहीत होतं. पण किती वेळानं? खोलीतला पंखासुद्धा भट्टीतली हवा फेकत होता. बाहेर सनई लागली होती, पंगतीची पानं मांडल्याचे आवाज येत होते, आणि मी एका हातानं देवीला तांदूळ वाहत, दुसऱ्या हातानं कॉम्प्युटरला वारा घालत बसले होते. तोंडानं ‘दारी येईल त्याला आयुष्य दे’ म्हणत होते. दारी येणाऱ्याला मग दे गं बाई, दवाखान्यात आहे त्याला आधी दे.

पडदा काही उजळेना. म्हटलं, न का दिसेना. प्रोग्रॅम मीच लिहिलाय, आंधळ्यानंही दाबता येईल. यंत्र सुरू केलं आणि तीन दाबलं.

टर्रर्र! प्रिंटर चालू झाला. मामानं टाळीच वाजवली. फीत बाहेर यायला लागली, वीतभर, हातभर.

“छापलं की गं!”

“कोरं आहे, मामा.”

खरंच कोरं होतं. उजेडाला धरलं, तिरपं धरलं, डोळ्याला लावलं. प्रिंटरच्या टाचण्यांचे खळगे तेवढे कागदाला पडलेले, शाईचा ठिपका नाही. त्या खळग्यांवरून बोट फिरवलं तर काहीतरी हाताला लागत होतं, वाचता येत नव्हतं. भाऊ ह्या कागदावर होते आणि दिसत नव्हते. मला रडू फुटलं. मुंडावळ्या नाकात जायला लागल्या.

“रडतेस काय? शाई पाहिजे ना? आणतो.” मामा धावत सुटला आणि कार्यालयाच्या मॅनेजरकडचं शिक्क्याचं पॅड घेऊन आला. उघडून बघते तर ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं वाळलेलं. मी रिबनची डबी बाहेर काढली, काडेपेटीएवढीच असते ती, आणि पॅडवर घासघास घासली. काही उपयोग नाही. पाणी शिंपडलं तर निळं ओघळलं आणि माझ्या पदरावर पडलं.

“मुलीला तयार ठेवा हो!” बाहेरून भटजींचा आवाज आला. “नवरदेव पाटावर आलेत!”

तेवढ्यात द्वारकाआत्या आत आली. ही भाऊंची धाकटी बहीण. आयुष्यभर त्यांच्या मागे उभं राहून मंगलाष्टकात सूर धरणारी. आज तिला पुढे उभं राहायचं होतं आणि म्हणायला हातात काही नव्हतं. तिच्या मुठीत चांदीची लहानशी डबी होती.

“अगं बाई, काय अवतार केलायस हा? रडून सगळे डोळे धुतलेस. इकडे बघ, तीट लावायचीय अजून. काजळ घालते परत.”

“आत्या, राहू दे गं. तुझ्या दादाचं मंगलाष्टक छापलं जात नाहीये.”

“म्हणजे?”

“शाई नाही.”

आत्यानं मान हलवली, माझी हनुवटी धरली आणि करंगळीवर काजळ घेऊन माझ्या डोळ्यापाशी आणली. काळंभोर, मऊ, तेलकट. एरंडेलाचा दिवा लावून त्याच्यावर ताम्हन धरायचं, जमलेली काजळी खरवडून पुन्हा एरंडेलातच खलायची, हा तिचा दर दिवाळीचा उद्योग.

मी तिचा हात पकडला. “आत्या, ह्यात तूप घातलंयस की तेल?”

“एरंडेल. तूप खवट होतं. का गं?”

काजळी आणि तेल. छापायची शाई तरी दुसरं काय असते?

“दे ती डबी!”

“अगं, नवरीच्या काजळाची डबी आहे…”

“नवरीच मागतेय ना?”

अंबाड्यातला आकडा काढून मी रिबनची डबी उघडली. आतली फीत म्हणजे नुसता राखाडी नाडा झाला होता. करंगळीनं थोडं थोडं काजळ त्याच्यावर चोळत गेले, आत्या दोन बोटांनी नाडा ताणून धरत होती, मामा पत्रिकेनं वारा घालत होता. तिघांची बोटं काळी झाली. चौरंगाची कड काळी झाली. अन्नपूर्णेच्या तांदळातसुद्धा दोन काळी बोटं उठली. डबी परत बसवली, डोळे मिटले आणि तीन दाबलं.

टर्रर्र.

अक्षरं! पसरलेली, फुगलेली, मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशी, पण अक्षरं! आत्यानं हात जोडले, ते देवीला की यंत्राला, कोण जाणे. तिला इंग्रजी अक्षरं यायची नाहीत. तेव्हा मी वाचायचं आणि तिनं पत्रिकेच्या पाठीवर देवनागरीत उतरवायचं, असं सुरू झालं. पहिल्या कडव्यात गणपती, कुलदेवी, तापी नदी, दोन्ही घरांची नावं. भाऊंच्या नेहमीच्या शिरस्त्यातलं. आत्या लिहितालिहिता गुणगुणत चाल बसवत होती. मग दुसरं कडवं आलं.

“वाच ना.”

मी वाचलं.

“ज्या हातास धरून चाललिस तू, तो हात आता सुटे
ज्या कंठात तुझी अखंड भरली गाणी, मुका तो मिटे
जा बाळे, सुखि हो, नवीन घर ते हासो तुझ्या पावली…”

आत्याचं पेन थांबलं. तिनं पदर तोंडाला लावला. मामासारखा मामा, तोसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागला. आख्ख्या नात्यातल्या मुलींना ज्यानं हसत बोहल्यावर चढवलं, तो स्वतःच्या मुलीशी असा बोलत होता.

“पुढे?” आत्यानं डोळे पुसून विचारलं. “चौथी ओळ?”

पुढे कोरी जागा होती. बोटभर कोरी फीत, आणि खाली एकदम ‘कुर्यात् सदा मंगलम्’.

“इथे उमटलं नाही. काजळ कमी पडलं वाटतं तिथे.”

“मग घाल ना आणखी!”

घातलं. डबीत बोट फिरवून फिरवून उरलंसुरलं काढलं, नाड्याला चोपडलं आणि पुन्हा तीन दाबलं. आता प्रिंटर दमल्यासारखा, सावकाश चालत होता. बॅटरी बसत चालली होती. पहिलं कडवं काळंकुट्ट उमटलं. दुसऱ्याच्या तीन ओळी उमटल्या. चौथीच्या जागी पुन्हा कोरं, आणि मग ‘कुर्यात् सदा मंगलम्’.

“नेमकं तिथेच कसं गं मरतं हे?” मामा वैतागला.

“मुलीचे मामा!” बाहेरून भटजी खणखणीत ओरडले. “मामांनी मुलीला घेऊन यावं! वेळ झाली!”

“आलो, आलो!” मामानं दाराला कडी घातली.

आत्यानं माझ्या डोळ्याखाली ओघळलेलंच काजळ पदराच्या टोकानं टिपलं आणि माझ्यापुढे धरलं. “हे घे. हेही घाल.”

तेही घातलं. तिसऱ्यांदा बटण दाबलं. टर्र… टर्र… ट… पहिल्या कडव्याच्या मध्यावर यंत्र थबकलं. मी बॅटरीच्या बाजूनं दाबलं, हलवलं, देवाचं नाव घेतलं, शिव्यापण दिल्या. पडदा एवढ्यात थंड होऊन उजळला होता, पण त्यावर आता काहीच नव्हतं. थोड्या वेळानं तोही विझला. गेलं. भाऊंच्या पंधरा दिवसांच्या मेहनतीतला तो एक तुकडा कायमचा गेला.

दारावर थापा पडायला लागल्या. नवऱ्याकडची कुणीतरी बाई म्हणाली, “मुलगी आत काय करतेय एवढं? पळून नाही ना गेली?”

“असं करू,” मामा घाईघाईनं म्हणाला. “जुनी कुठलीही ओळ टाक तिथे, द्वारकाताई. सूर्य-चंद्र, गंगा-यमुना, काहीही. सगळ्या मंगलाष्टकांत तेच तर असतं. कुणाच्या बापाला कळतंय?”

“माझ्या बापाला कळेल,” मी म्हटलं. “भाऊंच्या ओळीत दुसऱ्याची भर घालायची नाही.”

“मग मी काय म्हणू गं तिथे?” आत्या रडकुंडीला आली.

“काही म्हणू नकोस. थांब तिथे.”

“मांडवात? मंगलाष्टक अर्ध्यात तोडू? अपशकुन म्हणतील सगळे!”

“म्हणू देत. भाऊंची जागा आहे ती. रिकामी तर रिकामी.”

मामानं कडी काढली.

अंतरपाटाच्या ह्या बाजूला मी उभी, पलीकडे शिरीष. त्याचे नुसते पाय दिसत होते. भटजींनी सुरुवात केली, एकदोन मावश्या-काकवांनी आपापली म्हटली. मग आत्या पुढे आली. हातात पत्रिका, बोटं काळी. ती म्हणाली, “हे दादाचं आहे,” आणि मांडवात एकदम चिडीचूप झालं. मागे स्टेशनवरची सगळी मंडळी उभी होती, तिकीट तपासनीस, पोर्टर, केबिनमधले लोक. ज्यांनी वीस-वीस वर्षं भाऊंच्या आवाजावर गाड्या सोडल्या होत्या ते.

आत्यानं पहिलं कडवं म्हटलं. अक्षता पडल्या. दुसरं सुरू केलं. ‘तो हात आता सुटे’ला तिचा सूर हलला, पण तिनं सावरला. ‘मुका तो मिटे’ला मागून कुणाचा तरी हुंदका आला. ‘हासो तुझ्या पावली’ झालं.

आणि आत्या थांबली.

मांडव थांबला. अक्षतांच्या मुठी तशाच वर राहिल्या. भटजींनी प्रश्नार्थक भुवया उचलल्या आणि तोंड उघडलं, तर मामानं सरळ त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी आत्याकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, एकेक पेर, अगदी दादासारखा. शेवटच्या पेरावर अंगठा टेकला, तिनं दम घेतला आणि ‘कुर्यात् सदा मंगलम्’ असं म्हटलं की सगळ्या मांडवानं ‘शुभ मंगल सावधान’ म्हणून आरोळीच ठोकली. नवऱ्याकडची ती बाईसुद्धा डोळे पुसत होती.

अंतरपाट खाली आला. हार घालताना शिरीषनं माझे हात पाहिले.

“हे काय?”

“प्रिंटर बिघडला होता,” मी म्हटलं. पहिलं वाक्य नवऱ्याशी बोलले ते हे.

पंगती उठायच्या आधी आम्ही दोघं तशीच, मुंडावळ्यांसकट, मामाच्या स्कूटरवरून दवाखान्यात गेलो. भाऊ नर्सनं सांगितल्याआधीच जागे झाले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाला आई. आम्ही वाकून नमस्कार केला. भाऊंनी माझा हात धरला तो सोडेनात. मग काळी बोटं दिसली आणि त्यांनी भुवया वर केल्या.

मी सगळं सांगितलं. उन्हात तापलेला पडदा, वाळलेलं पॅड, आत्याचं काजळ. भाऊंचे खांदे हलायला लागले. त्यांचं हसणं आता तसंच असायचं, बिनआवाजाचं. आईनं पाटी दिली.

‘द्वारका कशी म्हणाली?’

“फार छान. पण भाऊ…” मला पुन्हा रडू यायला लागलं. “चौथ्या ओळीचा पहिला तुकडा काही केल्या छापला गेला नाही हो. तीनदा प्रयत्न केला. नेमकं तिथेच काजळ लागत नव्हतं. मग बॅटरी बसली आणि सगळं पुसलं गेलं. तेवढं सांगा ना. मला लिहून द्या.”

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग आईकडे. आईनं मान खाली घातली. त्यांनी तळव्यानं पाटी पुसली आणि लिहिलं,

‘यंत्र चांगलं आहे.’

पुन्हा पुसली.

‘तेवढं लिहिताच आलं नाही.’

मी पाटी हातात घेतली. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी मी! दोन्ही वेळा एकाच जागी कोरं आलं, म्हणजे दोष शाईचा नव्हे, एवढं कळायला हवं होतं. कळलं नाही.

“रोज बसायचे,” आई हळूच म्हणाली. “बोटं मोजायचे. ‘हासो तुझ्या पावली’पर्यंत यायचे आणि यंत्र मिटायचे. मी म्हटलं, काहीतरी टाका आता. तर मानेनं नाही म्हणायचे. शेवटी म्हणाले, म्हणजे लिहिलं, जागा सोडतो, सकाळी सुचेल. आणि ताप भरला.”

भाऊंनी पाटी परत मागितली.

‘मग तिथे काय म्हटलं?’

“काहीच नाही. आत्या थांबली. सगळे थांबले.”

‘किती?’

मी माझा डावा हात वर केला. काळ्या अंगठ्यानं करंगळीच्या खालच्या पेरापासून मोजायला लागले, आत्यानं मोजलं होतं तसं. भाऊंचे डोळे माझ्या बोटांवर होते. त्यांचाही अंगठा चादरीवर हलायला लागला. दोघांचं शेवटचं पेर बरोबरच आलं.

“एवढं,” मी म्हटलं. “मग ‘कुर्यात् सदा मंगलम्’.”

भाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. आई पाटी काढून घ्यायला गेली, तर त्यांनी ती सोडली नाही. पेन्सिल शोधली आणि न बघताच, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं,

‘वृत्तात बसलं.’